वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर केस गळू लागले तर: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

शस्त्रक्रियेला तीन महिने होत येतात, वजन अपेक्षेप्रमाणे उतरत असते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात येऊ लागलेली असते, आणि नेमक्या त्याच सुमारास कंगव्यात, उशीवर आणि न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कमीअधिक प्रमाणात हा अनुभव येतो; २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हे प्रमाण सुमारे ५७ टक्के आढळले. स्त्रियांमध्ये, आणि त्यातही तरुण वयात, ते अधिक दिसते. बहुतेकांच्या बाबतीत ही गळती आपोआप थांबते आणि केस परत येतात. मात्र ‘आपोआप थांबेल’ असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे आणि घाबरून दिसेल ते तेल, शाम्पू वा गोळी विकत घेणे, ही दोन्ही टोके टाळायला हवीत. आज काय करायचे, कशाची वाट पाहायची आणि कोणत्या क्षणी डॉक्टरांना गाठायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: गळणारा केस कधीची गोष्ट सांगतो, हे समजून घ्या

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपल्या स्वतंत्र वेळापत्रकाने चालतो. वाढीचा काळ दोन ते सात वर्षांचा असतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा काळ येतो, आणि मग सुमारे तीन महिने केस विश्रांतीच्या अवस्थेत मुळाशी नुसता टिकून राहतो. या विश्रांतीनंतर तो गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येतो. एरवी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असल्यामुळे रोज ५० ते १०० केस गळूनही ते लक्षात येत नाही.

मोठी शस्त्रक्रिया, भूल, आहारात एकदम झालेली घट आणि झपाट्याने उतरणारे वजन, हे सारे शरीराच्या दृष्टीने संकटच असते. अशा वेळी शरीर हृदय, मेंदू, स्नायू, जखम भरून येणे यांना आधी पुरवठा करते. केस वाढवणे हे त्या यादीत फार खाली येते. परिणामी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त केस एकाच वेळी वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. या प्रकाराला वैद्यकीय भाषेत ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली त्याचे वर्णन केले. बाळंतपणानंतर, तीव्र तापानंतर किंवा मोठ्या आजारपणानंतर होणारी गळतीही याच जातीची असते.

म्हणजे आज कंगव्यात आलेल्या केसाचा निर्णय तीन महिन्यांपूर्वीच झालेला असतो. तो केस वाचवण्याचा कोणताही उपाय नाही, आणि काल लावलेल्या तेलामुळे वा परवा बदललेल्या शाम्पूमुळे तो गळला असेही नाही. याची दुसरी बाजू अशी की, आज आपण जे खातो आणि ज्या गोळ्या वेळेवर घेतो, त्यांचा परिणाम केसांवर दिसायला काही महिने लागतात. आठवडाभरात फरक दाखवण्याचे वचन देणारी कोणतीही बाटली या एका कारणाने बाजूला ठेवता येते.

आपली गळती याच प्रकारची आहे का, याची प्राथमिक खात्री घरीही करता येते. गळलेला केस गडद रंगाच्या कापडावर ठेवून उजेडात पाहावा. त्याच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशी पांढरट गाठ दिसली, तर तो विश्रांतीची अवस्था पूर्ण करून मुळापासून सुटलेला केस आहे. दोन्ही टोके नुसतीच असतील, तर केस मुळातून सुटलेला नसून मध्येच तुटलेला आहे. त्याची कारणे उष्णता, रसायने किंवा ओढाताण अशी निराळी असतात. या गळतीत केस साऱ्या डोक्यावर सारखेच विरळ होतात, कानशिलांवर ते अधिक जाणवतात, पण गुळगुळीत चकत्या पडत नाहीत आणि सहसा पूर्ण टक्कलही पडत नाही.

दुसरी पायरी: तारखा लिहून काढा

शस्त्रक्रियेची तारीख, गळती प्रथम लक्षात आली तो आठवडा, आणि त्या दरम्यान आलेला ताप, संसर्ग, सततच्या उलट्या किंवा नव्याने सुरू झालेले औषध, एवढे एका कागदावर लिहावे. नेहमीच्या गळतीची सुरुवात दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होते, ती साधारण तीन ते सहा महिने चालते आणि वर्ष पूर्ण होण्याच्या आसपास बहुतेकांची थांबलेली असते. आपली गळती या चौकटीत बसत असेल, तर काळजीचे कारण कमी. सहा महिने उलटून गेल्यावर ती प्रथमच सुरू झाली, एकदा थांबून पुन्हा जोरात सुरू झाली, किंवा वर्षानंतरही चालूच राहिली, तर शस्त्रक्रियेच्या धक्क्यापेक्षा पोषणातील कमतरतेकडे संशयाची सुई वळते. डॉक्टरांना हा कागद दाखवला की ‘खूप केस गळतात’ या मोघम तक्रारीपेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळते.

रोजचे केस मोजत बसू नये. त्यातून हाती काही लागत नाही आणि चिंता मात्र वाढते. त्याऐवजी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांचा मधोमध भांग पाडून एक छायाचित्र काढावे. भांगाची रुंदी महिन्यामहिन्याला ताडून पाहिली की खरी दिशा दिसते.

तिसरी पायरी: प्रथिनांचा हिशेब आधी

केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर जठराचा आकार इतका लहान होतो की, पहिले काही महिने पोट चार घासांत भरते, आणि ते चार घास भाताचे, पोळीचे किंवा सूपचे असले तर त्या जेवणातून प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत. सर्वसाधारण शिफारस दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनांची असते. व्यक्तीच्या आदर्श वजनाच्या हिशेबाने ती दर किलोमागे १.५ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. आपला नेमका आकडा आपल्या आहारतज्ज्ञांकडून घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर त्यांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवूच नयेत.

साठ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात साडेसहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, हे लक्षात घेतले की लहान झालेल्या पोटात हा आकडा गाठणे किती अवघड आहे ते समजते. म्हणून काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्या लागतात. ताटातील प्रथिनांचा पदार्थ, म्हणजे अंडी, मासे, चिकन, दही, डाळी किंवा सोयाबीन यांपैकी जे असेल ते, सर्वांत आधी खावे. भाजी त्यानंतर आणि पिठूळ पदार्थ जागा उरली तरच. जेवणाबरोबर पाणी पिऊ नये आणि जेवणानंतरही साधारण अर्धा तास थांबावे, म्हणजे पोटातील मोजकी जागा पाण्याने भरून जाणार नाही. पहिल्या काही महिन्यांत केवळ अन्नातून आकडा पुरा होत नसेल, तर आहारतज्ज्ञांनी सुचवलेली प्रथिनांची पावडर घ्यावी. तिच्या एका मापात बहुधा २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, पण पिशवीवरील आकडा स्वतः वाचून घ्यावा, कारण काही पावडरींत साखरच जास्त असते.

येथे कोलॅजेनविषयी सांगायला हवे, कारण केसांसाठी म्हणून ते सर्रास विकत घेतले जाते. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे ते अपूर्ण प्रथिन ठरते. आवड म्हणून कोणी ते घेतले तरी दिवसाच्या ६० ग्रॅमच्या हिशेबात ते धरू नये.

तीन-चार दिवस खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद ठेवून प्रथिनांची बेरीज एकदा तरी करावी. अंदाजाने ‘पुरेसे खातो’ असे वाटणे आणि प्रत्यक्ष बेरीज, यांत मोठी तफावत निघते, आणि केसांच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या वहीतच सापडते.

चौथी पायरी: गोळ्या कोणत्या, यापेक्षा त्या कशा घेता

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. बायपास प्रकारच्या शस्त्रक्रियेत अन्न त्या भागाला वळसा घालून पुढे जाते, आणि स्लीव्ह प्रकारात जठराचा मोठा भाग काढल्यामुळे लोहाला शोषणयोग्य करणारे आम्ल कमी होते. व्हिटॅमिन बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारा एक विशिष्ट घटक लागतो, तोही कमी पडतो. त्यामुळे चौरस आहार घेणाऱ्यालाही या शस्त्रक्रियांनंतर पूरक गोळ्या आयुष्यभर लागतात. वजन स्थिर झाले, बरे वाटू लागले आणि गोळ्या सुटल्या, हा दुसऱ्या वर्षी सुरू होणाऱ्या गळतीमागचा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना, तसेच स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना, दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली जाते. हा आकडा प्रत्यक्ष लोहाचा आहे, गोळीतील क्षाराच्या वजनाचा नव्हे. उदाहरणार्थ, २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. वेष्टनावर ‘एलिमेंटल’ या शब्दापुढे जो आकडा छापलेला असतो तो पाहावा आणि मल्टिव्हिटॅमिनमधील लोह त्यात मिळवून बेरीज करावी.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले की एकमेकांच्या शोषणात अडथळा येतो, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमची दिवसाची १२०० ते १५०० मिलिग्रॅमची मात्राही एकदम न घेता ५००-६०० मिलिग्रॅमच्या हप्त्यांत विभागावी. चहा-कॉफी लोहाच्या गोळीपासून दूर ठेवावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि लोह वा कॅल्शियममध्ये चार तास जाऊ द्यावेत. हे सारे वाचताना किचकट वाटते, पण उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना असे चार कप्पे असलेली गोळ्यांची डबी आठवड्यातून एकदा भरून ठेवली की रोज विचार करावा लागत नाही. चघळण्याच्या गोड, जेलीसारख्या गमी गोळ्यांवर मात्र विसंबू नये. त्यांत बहुधा लोह नसते आणि इतर घटकही अपुरे असतात.

झिंक कमी पडल्याने केस गळतात हे खरे, पण म्हणून मोठ्या मात्रेची झिंकची गोळी मनाने सुरू करणे धोक्याचे आहे. जास्तीचे झिंक तांब्याचे शोषण रोखते आणि तांब्याच्या कमतरतेतून रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार होऊ शकतात. म्हणून झिंकच्या दर ८ ते १५ मिलिग्रॅमला १ मिलिग्रॅम तांबे, असे प्रमाण राखले जाते. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ‘ए’ तर अति झाले की स्वतःच केस गळवतात. ‘केसांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत हे दोन्ही घटक अनेकदा असतात, आणि आधीच्या मल्टिव्हिटॅमिनवर त्यांची भर पडते.

बायोटिनचा गाजावाजा सर्वांत मोठा आहे. त्याची प्रत्यक्ष कमतरता असेल तर ते उपयोगी पडते, पण तशी कमतरता नसलेल्यांच्या या तात्पुरत्या गळतीत त्याचा फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. शिवाय मोठ्या मात्रेतील बायोटिन रक्ताच्या काही चाचण्या फसवते: हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते आणि थायरॉइडचे आकडे उलटसुलट दिसू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला होता. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि ते किती दिवस आधी थांबवायचे हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

पाचवी पायरी: रक्ततपासणी

शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या साधारणपणे तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व पुढे दरवर्षी केल्या जातात. केस गळत असतील तर पुढील तपासणीची वाट न पाहता ती आधी करून घेता येईल का, हे विचारावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक आम्ल, व्हिटॅमिन डी, झिंक आणि थायरॉइडसाठी टीएसएच यांचा त्यात समावेश असावा. बायपास झालेल्यांमध्ये किंवा झिंक घेणाऱ्यांमध्ये तांबेही पाहिले जाते.

यांतील फेरिटिनकडे विशेष लक्ष द्यावे. हिमोग्लोबिन हे चालू खाते असेल तर फेरिटिन ही लोहाची ठेव आहे, आणि ठेव आधी संपते. हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ पाहून अहवाल बाजूला ठेवला जातो, पण फेरिटिन ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोहाची कमतरता सुरू झालेली असू शकते. उलटपक्षी, अंगात दाह किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून ताप असताना केलेल्या तपासणीवर निष्कर्ष काढू नये. गोळ्यांनी लोह भरून येत नसेल तर ते शिरेतून देण्याचा मार्ग असतो.

केसांची रोजची हाताळणी

केस धुतल्यावर जास्त गळतात म्हणून अनेक जण धुणेच कमी करतात. त्याने काहीच साधत नाही. सुटलेले केस चार दिवस अडकून राहतात आणि पाचव्या दिवशी एकदम हातात येतात, एवढेच. नेहमीप्रमाणे सौम्य शाम्पूने धुवावेत. ओले केस रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर जात, थोडा थोडा गुंता सोडवत विंचरावेत. घट्ट वेणी, ताणून बांधलेला अंबाडा, स्ट्रेटनिंगचे यंत्र आणि रासायनिक प्रक्रिया यांना काही महिने सुट्टी द्यावी. तेल लावायला हरकत नाही, केस मऊ राहतात. पण मुळाशी जोरजोरात चोळून केस पुन्हा उगवतील ही अपेक्षा ठेवू नये.

विरळपणा फार खुपत असेल तर केस खांद्यापर्यंत किंवा त्याहून आखूड कापून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. आखूड केस दाट दिसतात, आणि गळलेला केसही आखूड असल्याने पुंजका लहान वाटतो, याचा मनाला बराच आधार होतो. भांग बदलणे, केसांच्या रंगाची तंतुमय भुकटी भांगावर वापरणे, रुमाल किंवा टोप यांतही संकोचाचे कारण नाही. ‘वजन तरी उतरले ना, केसांचे काय घेऊन बसलात’ असे जवळची माणसे बोलून जातात. केसांचे दुःख वेगळे असते आणि ते बोलून दाखवायला हरकत नसावी. मात्र केसांच्या भीतीने वजन उतरण्याचा वेग रोखण्यासाठी गोडधोड खाणे सुरू करू नये. त्यातून उष्मांक मिळतात, प्रथिने आणि लोह मिळत नाहीत.

मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध या गळतीत बहुधा लागत नाही. शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच आनुवंशिक विरळपणा असेल आणि आता तो उघडा पडला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ ते देऊ शकतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने गळती वाढलेली दिसू शकते, फायदा टिकवायचा तर ते चालूच ठेवावे लागते आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत. ही तिन्ही माहिती घेऊनच ते सुरू करावे.

डॉक्टरांकडे लगेच जाण्याची कारणे

गोल, गुळगुळीत चकत्या पडल्या, म्हणजे चाई लागल्यासारखे दिसले. डोक्याच्या त्वचेवर लाली, खपल्या, वेदना किंवा पू असला. भुवया आणि पापण्यांचेही केस जाऊ लागले. तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. केसांबरोबर धाप लागणे, चक्कर, पायांवर सूज, जिभेची आग किंवा नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होणे अशी लक्षणे असतील, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूकडे जावे. सतत उलट्या होत असतील आणि त्यात हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे किंवा गोंधळल्यासारखे होणे यांची भर पडली, तर ती थायमिनची, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ची, गंभीर कमतरता असू शकते. अशा वेळी केसांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नव्या औषधानंतर गळती वाढली असे वाटले तर ते औषध स्वतःहून बंद न करता लिहून देणाऱ्याला विचारावे. रक्त पातळ करणारी आणि रक्तदाबाची काही औषधेही केस गळवतात.

नवे केस येऊ लागल्यावर

गळती ओसरू लागली की कपाळाच्या कडेला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे आखूड, ताठ उभे राहणारे केस दिसू लागतात. अनेकांना ते तुटलेले केस वाटतात आणि ते कात्रीने सारखे केले जातात. उजेडात पाहिल्यास त्यांची टोके निमुळती दिसतात, तुटलेल्या केसाचे टोक बोथट असते. निमुळते टोक म्हणजे नवा केस, त्याला हात लावू नये.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कंगव्यातले पुंजके थांबल्यानंतरही वेणीची जाडी बरेच महिने कमीच राहते, कारण नवा केस ३० सेंटिमीटर लांब व्हायला सुमारे अडीच वर्षे लागतात. उपचार फसले असा याचा अर्थ लावून नव्या गोळ्यांच्या मागे लागू नये. भांगाच्या छायाचित्रांत रुंदी कमी होत असेल, तर काम चालू आहे. रंग किंवा स्ट्रेटनिंग पुन्हा करायचे असल्यास गळती पूर्ण थांबून नवे केस निदान बोटभर लांब होईपर्यंत थांबावे. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. पुढे बाळंतपण झाल्यास त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी अशीच गळती पुन्हा येऊ शकते, तेव्हा गरोदरपणाचा बेत आखतानाच फेरिटिन आणि बी-१२ तपासून घ्यावे.